दार विसरलेला घुमट

"पानी की टंकी भर गई है, कृपया मोटर बंद कीजिए."

जिन्यातल्या डबीतली बाई बोलली, आणि खोलीतली शांतता जरा हलली. माणूस मात्र एकही हललं नाही. बाई पुन्हा बोलली. मग तिसऱ्यांदा, त्याच गोड सुरात. खाली या घरात आत्ता काय झालं याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

झालं होतं एवढंच, की आण्णांनी बडीशेपेची चिमूट तोंडात टाकली होती आणि म्हटलं होतं, "पाडा."

चिडून नाही, उसासा टाकून नाही. भाजीत अजून थोडं मीठ घाला, असं सांगावं तसं.

धाकटी सून मेघना हातातल्या उष्ट्या ताटांसकट दारात उभी राहिली. बाळकुमहून निघाल्यापासून तिने वाक्यं जुळवत आणली होती. स्कूटरवर मागे बसून, लेकीला, मायाला, नवऱ्याच्या आणि स्वतःच्या मध्ये घट्ट धरून, भिवंडीच्या खड्ड्यांत दात आपटत ती मनातल्या मनात घोकत होती: आण्णा, आम्हाला तुमचं मन दुखवायचं नाही. आण्णा, घुमटाबद्दल आम्हालाही आदर आहे, पण. त्या 'पण'च्या पुढे ती बराच वेळ अडली होती, आणि कल्याणचा पूल आला तेव्हा कुठे पुढचं वाक्य सापडलं होतं. आता त्या वाक्याचं काय करायचं?

"पाडा म्हणजे?" तिचे मोठे दीर महेंद्र म्हणाले.

"पाडा म्हणजे पाडा. साईनाथ म्हणाला ना, दोन्हीचा भार खालच्या भिंती घेणार नाहीत? एक काहीतरी ठेवा म्हणाला. मग खोली बांधा."

साईनाथ हा मेघनाच्या नवऱ्याचा, राजरत्नचा, इंजिनीअर मित्र. गेल्या रविवारी तो आंबिवलीला येऊन गच्ची बघून गेला होता. घुमटावर बोटाच्या पेराने टकटक करून, चारी बाजूंनी फिरून, शेवटी घाम पुसत म्हणाला होता, वर एक हलकी रूम-किचन निघेल, पण हे डोक्यावर ठेवून नाही. त्याच रात्री मेघनाला उगीचच आनंदाने झोप लागली नव्हती. बाळकुमच्या त्यांच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट निघालं होतं आणि मालकाने दिवाळीच्या आत खोली रिकामी करायला सांगितली होती. पण तिचा आनंद फक्त छपराचा नव्हता. ती कल्याणला लॅबमध्ये कामाला. राजरत्नची शिफ्ट. शाळा सुटली की माया पाळणाघरात. परवा पाळणाघरच्या बाईंनी कौतुकाने सांगितलं होतं, की कोणी विचारलं तर माया सांगते, "माझी मम्मी ट्रॅफिकमध्ये आहे." पोरीला अजून अख्खी कविता पाठ येत नव्हती, पण हे वाक्य न अडखळता येत होतं. इथे आंबिवलीत खाली आजी असेल, मोठी मम्मी, म्हणजे मोठी जाऊ वैशाली असेल, तिची पायलताई असेल. मेघनाला एवढंच हवं होतं, आणि त्याच्या मध्ये तो घुमट बसला होता.

"आण्णा, असं एका वाक्यात होतं का?" महेंद्रदादा उठून उभे राहिले. "तो घुमट आहे. पत्र्याची शेड नाही, उचलली आणि भंगारात दिली."

राजरत्न संत्रं सोलता सोलता थांबला. "दादा, मागच्या रविवारी तूच म्हणालास. 'पाडा एकदाचा तो डेरा.' साईनाथसमोर म्हणालास."

"म्हणालो."

"मग?"

"तेव्हा आण्णा नाही म्हणणार होते!"

यावर आण्णांना हसू आलं. ते त्यांनी मिशीत दाबलं, पण सगळ्यांनी बघितलं.

"म्हणजे मी नाही म्हणावं म्हणून तू हो म्हणत होतास?"

"तसं नाही हो..." महेंद्रदादा परत बसले. "लहानपणापासून बघतोय. वाटलं नव्हतं खरंच कोणी पाडेल."

कोपऱ्यात पानाचा डबा घेऊन बसलेल्या सासूबाईंनी, शांताबाईंनी, अडकित्ता खाली ठेवला. त्या रागावल्या की अडकित्ता खाली ठेवत. "बांधताना मला विचारलं नव्हतं," त्या आण्णांकडे न बघता म्हणाल्या. "आता पाडताना पण विचारू नका. निदान एक पद्धत तरी धरून ठेवा."

"विचारतो की. बोल."

"आता विचारताय होय? पाडा म्हणून झाल्यावर?"

घुमट बांधला तेव्हा राजरत्न सहावीत होता. आण्णा म्हणजे बाबुराव तेव्हा कारखान्यात फिटर. वस्तीच्या विहाराला राखलेली जागा रस्त्यात गेली. त्याच वर्षी ते नागपूरला जाऊन आले आणि दीक्षाभूमीचा तो आतून पोकळ, मोठा पांढरा गोल बघून परत आले ते वेगळेच होऊन. दुसरी जागा मिळून विहार होईपर्यंत आपल्या गच्चीवर छोटा घुमट बांधू, असं त्यांनी विहाराच्या समितीला सांगून टाकलं. घरच्यांना कळलं ते गच्चीवर जाळी आणि सळया चढल्यावर.

गोलाला आतून आधार हवा. लाकूड कुठून आणणार? वस्तीतल्या घराघरांतून पाण्याची रिकामी पिंपं मागून आणली, ती एकावर एक रचली, फटीत पेंढ्याची पोती कोंबली आणि वरून चिखल लिंपून गुळगुळीत गोल केला. गोलावर जाळी, जाळीवर सिमेंट. अख्खी वस्ती राबली. संध्याकाळी काम संपलं, बायकांनी चहा केला, पोरांनी खाली उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजत असताना शांताबाईंनी खालून विचारलं होतं, "अहो, आत जायचं कुठून?"

दार ठेवायचं राहिलं होतं.

सिमेंट ओलं, फोडलं तर सगळंच बसेल. आणि आत वस्तीची पिंपं. त्या दिवसांत पाणी दिवसाआड यायचं, तेही पहाटे. मग काय, बायका हंडे-बादल्या, परात, पातेली, मिळेल ते भांडं घेऊन नळावर, आणि नळावरून थेट बाबुरावांच्या दारात शिव्या घालायला. सिमेंट धरेपर्यंत शांताबाई मागच्या दाराने ये-जा करत होत्या. शेवटी आण्णांनी छिन्नी-हातोडा घेऊन, जीव मुठीत धरून, एका बाजूला भोक पाडलं. जास्त फोडायची हिंमत झाली नाही, म्हणून ते बुटकं राहिलं आणि वाकडं. पिंपं त्यातून निघाली खरी, पण चिखलाने माखून सगळी सारखीच दिसायला लागली. कोणाचं पिंप कोणाकडे गेलं याचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

त्या दारातून आत जायचं तर माणसाला अर्ध्यात वाकावं लागतं. बाहेरगावची मंडळी आली की म्हणतात, किती सुंदर कल्पना, आत शिरतानाच मस्तक नमतं. घरची मंडळी एकमेकांकडे बघत नाहीत.

विहाराची दुसरी जागा काही मिळाली नाही. 'तोपर्यंत' म्हणून बांधलेल्या त्या घुमटात रविवारची वंदना सुरू झाली ती सुरूच राहिली. जिन्यात चपला, गच्चीत सतरंजी, पौर्णिमेला खीर. वैशाली लग्न होऊन आली त्या महिन्यापासून खिरीचं पातेलं तीच ढवळत होती.

म्हणून तर वैशालीचा मेघनाला आधार होता. गेला आठवडाभर दोघी जावांचा फोन चालला होता. "तू बिनधास्त बोल," वैशाली म्हणाली होती. "मी आहे ना. गच्चीवर एक चादर वाळत घालायची सोय नाही मला, लोक येतात. मी सांगते आण्णांना."

आता वैशाली भिंतीला टेकून बसली होती आणि लेकीच्या, पायलच्या, वेणीतून नसलेल्या उवा शोधत होती. पायल आणि माया कान टवकारून ऐकत होत्या.

"पोरींनो, वर जा खेळायला," मेघना म्हणाली. दोघी उड्या मारत जिन्यात गेल्या. जाता जाता पायलने मोटरचं बटण दाबलं. डबीतली बाई गप्प झाली.

"मी सांगू?" आण्णा म्हणाले. "माझं मत धरू नका, महेंद्रचं धरू नका. वर राहणार कोण? मेघना. तिलाच विचारा."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मेघनाच्या हातात अजून ताटं होती.

"मी... ही घासायला टाकते," ती म्हणाली आणि आत पळाली.

*

वैशाली मागोमाग आली. नळ सोडून दिला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"ताई, तुम्ही काही बोलला नाहीत," मेघना हळूच म्हणाली.

"काय बोलणार? म्हातारा हो म्हणाला. माझ्या बोलण्याची गरजच कुठे उरली?"

"म्हणजे पाडायचा ना?"

वैशालीने घासणी पिळली. साबणाचा फेस मनगटावरून कोपराकडे ओघळला. "तुला एक सांगू? हसू नको."

"नाही हसत."

"मी नवीन आलेली तेव्हा या घरात मला रडायला जागा नव्हती. खरंच. पुढच्या खोलीत हे सगळे, आतल्या खोलीत आई, मोरीच्या दाराला कडी नाही. मग मी केरसुणी घ्यायची आणि सांगायची, घुमट झाडून येते. आत बसायची, मनसोक्त रडायची, तोंड पुसून खाली. आई म्हणायच्या, सून किती भाविक आहे बघा." ती स्वतःच हसली. "हल्ली नाही जात. हल्ली रडायला वेळ नाही. पण आण्णा पाडा म्हणाले ना, तेव्हा आधी ती केरसुणीच आठवली बघ."

"मग तुम्ही फोनवर..."

"फोनवर मी खरंच बोलत होते गं. ते पण खरं."

"आणि हे?"

"हे पण."

मेघनाला तिचा राग यायला हवा होता. आठवडाभराचा भरवसा एका घासणीत वाहून गेला होता. पण राग येईना, कारण वैशालीने असं रडण्याचं तिला कधीच सांगितलं नव्हतं, आणि आज सांगितलं होतं.

इतक्यात शांताबाई पाणी प्यायच्या निमित्ताने आत आल्या. तांब्या उचलला, पण पाणी प्यायल्या नाहीत. दोघी सुनांच्या मध्ये उभ्या राहून खालच्या आवाजात म्हणाल्या, "मेघना, तू हो म्हण."

"आई?"

"हो म्हण आणि पोरगी इकडे आण. चार भिंतींत परक्यांकडे झोपते ती. मला कळत नाही होय?"

"पण आई, तुम्ही तर आत्ता रागावलात."

"ते ह्यांच्यावर गं. घुमटाचं काय मला? त्याच्यापायी नळावरच्या शिव्या मीच खाल्ल्यात." मग तांब्या खाली ठेवत म्हणाल्या, "पाडतील त्या दिवशी मला मात्र शहाडला माझ्या बहिणीकडे सोडा. मी नाही बघणार."

त्या गेल्या. वैशाली म्हणाली, "घे. आता यांचं काय मानायचं?"

बाहेर महेंद्रदादांचा आवाज चढला होता. ते साईनाथलाच फोन लावून विचारत होते, की मागच्या संडासाच्या बाजूने कॉलम काढले तर, आणि घुमट उचलून जरा सरकवता येतो का, यूट्यूबवर अख्ख्या बिल्डिंगी सरकवतात. राजरत्न मध्येच म्हणाला, "अरे दादा, तो फ्रिज नाहीये." मग काहीतरी पडलं.

थोड्या वेळाने राजरत्न स्वयंपाकघराच्या दारात आला. सोललेलं संत्रं त्याने तसंच मेघनापुढे धरलं. एक फोडही खाल्ली नव्हती.

"तू काय म्हणतेस?" त्याने विचारलं.

"तू काय म्हणतोस?"

"मी तुझ्याबरोबर आहे."

"अरे, पण मी कुठे आहे?"

त्याने खांदे उडवले, आणि तिला दिसलं की त्याचे डोळे लाल झालेत. सहावीतल्या त्या पोराने पोत्यांत पेंढा भरला होता, टाळ्या वाजवल्या होत्या. हे त्याने आठवडाभरात एकदाही काढलं नव्हतं. तिच्या बाजूने बोलता यावं म्हणून दाबून ठेवलं होतं. सगळे विरुद्ध असते तर ती भांडली असती. भांडायची तयारी करून आली होती. पण इथे जो तो आपली जागा सोडून दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसला होता, आणि मधली सगळी जागा तिच्यासाठी मोकळी करून दिली होती.

*

आण्णा गच्चीवर होते. टाकीखाली साचलेलं पाणी खराट्याने नळीकडे ढकलत होते. मागे घुमट, चुन्याचे पोपडे आलेला, एका बाजूने शेवाळलेला, पावसाळ्यानंतर नेहमी दिसतो तसा. आतून पोरींचा आवाज येत होता.

"आण्णा, एक विचारू?"

"हो का म्हणालो, तेच ना?"

"हो."

आण्णांनी खराटा कठड्याला टेकवला. "मलाच नीट कळलेलं नाही, पोरी. तुम्ही सगळे जेवायला बसलात, कोणी तोंड उघडेना. राजा नुसता भात चिवडतोय. तुझ्या तोंडाचा रंग उडालेला. महेंद्रने दोनदा मीठ मागितलं, मीठ समोरच होतं. मला वाटलं, मी काय एवढा मोठा राक्षस झालो की माझ्यापुढे पोरांनी असं बसावं? म्हणून बोलून टाकलं."

"म्हणजे तुम्हाला पाडायचा नाहीये?"

"तसं पण नाही." त्यांनी घुमटाकडे पाहिलं. "विहार होईपर्यंत, असं म्हणून बांधला. वर्षानुवर्षं तेच म्हणतोय. मग वाटतं, तुम्ही वर राहायला आलात तर निदान कोणीतरी, कुठेतरी, एकदाचं राहायला आलं. आणि सकाळी इथे कुंड्यांना पाणी घालायला येतो, तेव्हा वाटतं, अरे, हेच तर आहे की. विहार अजून होतोय म्हणून आपण उगाच सांगत बसलो." त्यांनी खराटा परत उचलला. "दोन्ही वाटतं. म्हातारपणी एकच काहीतरी वाटेल असं समजत होतो. नाही वाटत."

"मग माझ्यावर का टाकलंत?"

"तुझ्यावर नाही टाकलं. तुला गरज आहे. ज्याला गरज आहे त्याने बोलावं, आम्ही नुसतं प्रेमाने बोलतोय." मग घाईघाईने म्हणाले, "तू नको म्हणालीस तरी मला राग नाही हं. हो म्हणालीस तरी नाही."

"याने काही सोपं होत नाही, आण्णा."

"नाहीच होत," ते म्हणाले, आणि परत पाणी ढकलायला लागले.

जिन्यात चपला काढल्याचा आवाज झाला. उन्हं उतरली होती. पुढे सरोजमावशी, मागे गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी, पांढऱ्या साड्या, हातात मेणबत्त्यांचा पुडा. सरोजमावशी मेघनाला बघून लगबगीने पुढे आली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"तू इकडेच येणार म्हणे राहायला! काल वैशाली बोलली. बरं झालं बाई. मी तर या हिला म्हटलं, आता घुमटाला शेजार झाला. रोजचा दिवा लावायला घरचं माणूस वर असेल. आम्ही काय, रविवारचे पाहुणे."

मेघनाने आण्णांकडे पाहिलं. आण्णा फार मन लावून पाणी ढकलत होते. आता तिथे पाणी नव्हतं.

"कुठे काढताय खोली? त्या बाजूला? काढा, काढा. जागा आहे भरपूर," सरोजमावशी म्हणाली. उत्तराची वाट न बघता तिने पदर सावरला, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि त्या बुटक्या, वाकड्या दारातून आत शिरली. मागोमाग बाकीच्या. एकीचं डोकं दाराच्या कडेला लागलं. ती "आई गं" म्हणाली, आणि आतला सगळा गोल "आई गं" म्हणाला. आत हसण्याचा एक लोट उठला, फिरला आणि बाहेर आला.

खालून महेंद्रदादांनी हाक मारली. "मेघना! साईनाथ लाइनवर आहे. काय सांगू त्याला?"

"आले," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

आत वंदनेतलं त्रिसरण सुरू झालं. पहिला आवाज सरोजमावशीचा, मग बायकांचा, आणि त्यांच्या मागे एक बारीक आवाज, शब्द चुकत, दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत म्हणणारा. मेघनाने तो आवाज घरात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, तापात, स्कूटरवर, सगळीकडे ऐकला होता. पण इतका मोठा झालेला कधी ऐकला नव्हता.

ओळी संपायच्या आतच माया दारातून बाहेर आली. तिला वाकावं लागलं नाही. तेवढ्या उंचीच्या माणसाला ते दार अगदी मापाचं होतं. मागून पायल, दोन्ही हातांनी डोकं सांभाळत, वाकून. माया धावत आली आणि मेघनाच्या ओढणीचं टोक धरलं. गाल लाल, कपाळावर घाम, एका पायात सॉक्स नाही.

"मम्मी, पायलताई म्हणते, तिचे पप्पा न पाडायच्या साइडला आहेत. आधी मोठी मम्मी पाडायच्या साइडला होती, आता नाहीये. आजी पाडायच्या साइडला आहे, पण तिला बघायचं नाहीये. आणि आजोबा दोन्ही साइडला आहेत." तिने बोटांवर मोजत सगळं सांगितलं आणि श्वास घेतला.

"कोणी सांगितलं तुला हे?"

"आम्ही आधी जिन्यात, किचनच्या खिडकीशी बसलेलो, मग आत. ऐकलं सगळं." मग ओढणी खाली ओढून, मेघनाचा कान आपल्या तोंडाशी आणून, आतल्या बायकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने विचारलं,

"मम्मी, आपण कुठल्या साइडला आहोत?"